चूक माणसाची की खटक्याची?

‘यूजर रिसर्च’, म्हणजे वस्तू वापरणारी माणसं ती कशी वापरतात याचा अभ्यास, हा शब्द ॲप आणि वेबसाइटच्या धंद्यात इतका रुळलाय की तो संगणकाबरोबरच जन्माला आला असावा असं वाटतं. खरं तर ही गोष्ट सुरू होते विमानाच्या कॉकपिटमध्ये. माणसाला समजून घ्यायची हौस म्हणून नव्हे, विमानं मोडत होती म्हणून.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाची बी-१७ ही बॉम्बफेकी विमानं मोहिमेवरून सुखरूप परत यायची, धावपट्टीला टेकायची आणि मग पोटावर बसायची. वैमानिकाला पंखांचे फ्लॅप (पंखांमागच्या हलत्या पट्ट्या) वर घ्यायचे असत, पण हात पडायचा चाकं आत ओढणाऱ्या खटक्यावर. शेरा ठरलेला: वैमानिकाची चूक. ओहायोतल्या राइट फील्डच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अल्फॉन्स चपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाला मात्र एक गोष्ट खटकली. सी-४७ ही मालवाहू विमानं उडवणारे वैमानिक ही चूक करत नव्हते. तीही माणसंच होती, तसंच प्रशिक्षण घेतलेली. फरक कॉकपिटमध्ये होता. बी-१७ मध्ये दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि हाताला अगदी सारखे लागणारे. चपानिस यांनी चाकांच्या खटक्याच्या टोकाला एक छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. न बघताही बोटांना कळू लागलं की आपण काय धरलंय. चाकांची मूठ चाकासारखी हवी, हा नियम विमानांना आजही लागू आहे.

१९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी ‘वैमानिकाची चूक’ या सदरात टाकल्या गेलेल्या ४६० घटना गोळा केल्या. दोष कुणाचा हे ठरवण्याऐवजी त्या क्षणी नेमकं काय घडलं, ते वैमानिकांकडूनच सविस्तर मागवलं. जवळपास निम्म्या घटना एकाच प्रकारच्या निघाल्या: एकाऐवजी दुसराच खटका किंवा दांडा धरला गेला. वेगवेगळ्या माणसांच्या हातून तीच चूक होत असेल, तर माणसांना दटावून काय होणार? माझ्या मते यूजर रिसर्चची खरी सुरुवात इथे आहे. पुढची सगळी तंत्रं हा याच प्रश्नाचा विस्तार.

त्याच सुमारास बेल लॅब्ज या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉन कार्लिन हे मानसशास्त्रज्ञ टेलिफोनच्या मागे लागले होते. त्यांचा वायरीचा किस्सा मला फार आवडतो. हँडसेटची वायर किती लांब हवी? विचारलं असतं तर ‘जरा ऐसपैसच ठेवा’ असंच उत्तर आलं असतं. कार्लिन यांनी विचारलंच नाही. सहकाऱ्यांच्या टेबलावरच्या फोनची वायर गुपचूप इंच-इंच कापत नेली आणि कुणी तक्रार करतंय का ते पाहत राहिले. फूटभर वायर गेली, तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं! माणूस सांगतो एक आणि वागतो दुसरं, हे या कामातलं मूळ दुखणं, आणि म्हणूनच या कामाला किंमत. १९६३ मध्ये बाजारात आलेल्या बटणांच्या फोनवर आकडे कसे मांडायचे, हेही आधी वेगवेगळ्या मांडण्या लोकांच्या हाती देऊन तपासलं होतं.

संगणकाच्या जगात हे शहाणपण पोचायला वेळ लागला. कारण साधं होतं: प्रोग्राम लिहिणारा आणि वापरणारा बहुधा एकाच जातकुळीतला. संगणक कार्यालयांत शिरला, तेव्हा अडचण सुरू झाली. सत्तरच्या दशकात टिम मॉट आणि लॅरी टेस्लर यांनी झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात पाठ्यपुस्तकांच्या संपादकांसाठी जिप्सी हा मजकूर-संपादनाचा प्रोग्राम बांधला, तो संपादक कागदावर कसं काम करतात ते आधी बघून. कोऱ्या स्क्रीनसमोर बसवून ‘इथे दुरुस्ती कशी कराल?’ असंही त्यांनी विचारलं.

पुढे टेस्लर ॲपलमध्ये लिसा संगणकाच्या चाचण्या घेत होते. ‘ओके’ हा शब्द फारच बोलीतला, म्हणून बटणावर ‘डू इट’ लिहिलेलं. एक गृहस्थ ते बटण दाबायलाच तयार होईनात, उलट वैतागत चालले. विचारल्यावर कळलं की दोन शब्दांमधली जागा इतकी कमी होती, आणि इंग्रजीतला मोठा ‘आय’ छोट्या ‘एल’सारखा दिसत होता, की ते ‘डोल्ट’, म्हणजे मठ्ठ, असं वाचत होते. बटणावर ‘ओके’ परत आलं. असली गोष्ट बैठकीत बसून कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नाही.

स्कँडिनेव्हियात वाट वेगळी होती. तिथे कामगार संघटनांनीच आग्रह धरला की यंत्र आमच्या हाती येणार, तर ते घडवतानाही आम्ही हवेत. १९८१ मध्ये सुरू झालेल्या युटोपिया प्रकल्पात वृत्तपत्रांच्या जुळणी कामगारांनी पुठ्ठ्याच्या खोक्यांवर ‘लेझर प्रिंटर’ असं लिहून, तो असल्यासारखं काम करून पाहिलं. इथे वापरणारा नुसता निरीक्षणाचा विषय नव्हता, त्याच्या शब्दाला वजन होतं. पुढे ही कल्पना जगभर गेली, पण तिच्यातला संघटनेचा जोर वाटेत गळाला.

१९८५ मध्ये आयबीएमच्या जॉन गूल्ड आणि क्लेटन लुईस यांनी तीन सूत्रं मांडली: वापरणाऱ्याकडे सुरुवातीपासून लक्ष, प्रत्यक्ष वापराचं मोजमाप आणि पुन्हापुन्हा दुरुस्ती. पुढच्याच वर्षी डोनाल्ड नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांच्या ग्रंथामुळे ‘वापरकर्ता-केंद्री’ हे विशेषण रूढ झालं. १९९९ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने अशा रचनेचं मानक काढलं आणि २०१० मध्ये त्याची जागा नव्या मानकाने घेतली.

मधल्या काळात, चाचणीला किती माणसं हवीत याचं उत्तर म्हणून, पाचाचा आकडा आला. १९९३ मध्ये जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉवर या संशोधकांनी गणित मांडलं: एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात, त्या हिशेबाने पाच जणांत सुमारे ८५ टक्के. व्यवस्थापकांना हे भलतंच आवडलं. पाच जण बसवले की रिसर्च झाला, अशी पद्धत पडली. नील्सन यांचं म्हणणं मात्र वेगळं होतं: पंधरा माणसांचा खर्च परवडत असेल तर तो तीन चाचण्यांत वाटा. आधी पाच, मग दुरुस्ती, मग नवे पाच. त्यातली दुरुस्ती बहुतेक ठिकाणी वगळली जाते.