संवेदना तीच, पुढची वाट वेगळी: विपश्यना आणि हाकोमी

इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात दहा दिवस बसून आलेल्या माणसाला शरीराधारित मानसोपचाराबद्दल, म्हणजे शरीरातल्या संवेदनांतून मनाकडे जाणाऱ्या थेरपीबद्दल, सांगून बघा. दोन वाक्यांत तो म्हणेल, ‘अरे, म्हणजे विपश्यनाच की ही!’ उलटंही कानावर येतं. थेरपीची फी परवडेनाशी झाली की कुणीतरी सल्ला देतं, ‘शिबिराचा फॉर्म भर. तिथेही शरीरात साठलेलं बाहेर पडतं, आणि पैसे लागत नाहीत.’ दोन्ही समजांत तथ्य आहे, पण अर्धंच. आणि उरलेल्या अर्ध्यात माणसं चुकीच्या ठिकाणी चुकीची अपेक्षा घेऊन जातात.

शरीराधारित उपचार या नावाखाली बरंच काही खपतं, म्हणून तुलनेसाठी एकच पद्धत धरू: हाकोमी. तिची तत्त्वं स्पष्ट मांडलेली आहेत आणि त्यांत बौद्ध विचाराचा वाटा उघडपणे कबूल केलेला आहे, त्यामुळे गल्लत सगळ्यात जास्त तिच्याच बाबतीत होते. अमेरिकन थेरपिस्ट रॉन कर्ट्झ (१९३४–२०११) यांनी ती १९७०च्या दशकात घडवली. १९८१ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी हाकोमी इन्स्टिट्यूट स्थापन झाली. (नाव जपानी वाटतं, पण ते अमेरिकेतल्या होपी या आदिवासी समाजाच्या भाषेतून घेतलेलं आहे.) एकत्व, आतून उलगडण्यावरचा विश्वास, मन-शरीराची अखंडता, सजगता आणि अहिंसा ही तिची पाच तत्त्वं. यादी वाचून मराठी माणूस लगेच ‘हे तर आपलंच’ म्हणतो. थोडं आहेही. पण कर्ट्झनी ताओ आणि बुद्धाबरोबर सिस्टिम्स थिअरी (कुठलीही गोष्ट परस्परांशी जोडलेल्या भागांची व्यवस्था म्हणून बघणारा विचार), गेस्टाल्ट (आत्ताच्या अनुभवावर भर देणारी थेरपी) आणि फेल्डेनक्राइस (सजग हालचालींची पद्धत) यांच्याकडूनही घेतलं होतं, आणि या सगळ्याचा उपयोग समोर बसलेल्या एका माणसाच्या एका अडचणीसाठी करायचा होता.

विपश्यनेबद्दल इथे फार सांगायला नको. सत्यनारायण गोएंका म्यानमारमध्ये, मंडालेला, जन्मले. १९५५ मध्ये ते रंगूनला विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, १९६९ मध्ये भारतात येऊन स्वतः शिबिरं घेऊ लागले, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं भरू लागली. पहाटे चारची घंटा, आर्य मौन म्हणजे बोलणं आणि खाणाखुणाही बंद, पहिले तीन दिवस आनापान म्हणजे श्वासावर लक्ष, आणि चौथ्या दिवशी विपश्यना: डोक्यापासून पायापर्यंत लक्ष फिरवत प्रत्येक अवयवातली संवेदना बघायची.

म्हणजे सुरुवात सारखीच. डोळे मिटायचे, लक्ष आत न्यायचं, शरीरात आत्ता काय चाललंय ते बघायचं. वाट फुटते ती संवेदना सापडल्यानंतर.

समजा लक्ष जबड्यावर आलं आणि तो आवळलेला आहे. विपश्यनेत तुम्ही ते जाणता, हे अनित्य आहे, येईल आणि जाईल, हे ओळखता, आणि लक्ष हनुवटीकडे, गळ्याकडे पुढे नेता. जबडा का आवळला हा प्रश्नच नाही. सुखद संवेदना आली की आणखी हवीशी वाटते, दुःखद आली की नकोशी. या हवं-नकोच्या सवयीतून दुःख तयार होतं, अशी ती मांडणी आहे. त्यामुळे काम सवयीवर. जबड्यामागची गोष्ट लहानपणीची असो की सकाळच्या भांडणाची, साधकाने करायचं ते तेवढंच: समता ठेवून बघायचं, प्रतिक्रिया द्यायची नाही.

हाकोमीत प्रतिक्रिया हाच कच्चा माल. थेरपिस्ट ती मुद्दाम, अगदी हलक्या हाताने, जागी करतो. सगळं घर अंगावर घेतलेली एक बाई समोर आहे असं समजा. थेरपिस्ट तिला सांगतो, ‘जरा डोळे मिटा, आत लक्ष द्या. मी एक वाक्य म्हणणार आहे. ते पटवून घ्यायचं नाही. ऐकल्यावर आत काय होतं तेवढंच बघा.’ मग थोडं थांबून, सावकाश: ‘इथे तुम्हाला सगळं एकटीने करावं लागणार नाही.’ वाक्य साधं आणि चांगलं आहे. तरी तिचा जबडा आवळतो आणि आतून कुणीतरी फटकन म्हणतं, ‘हो का! मग कोण करणार?’

हाकोमीच्या दृष्टीने तासाभरातला सगळ्यात मोलाचा क्षण हा. ‘असं का वाटलं?’ हे थेरपिस्ट विचारत नाही, कारण ‘का’ म्हटलं की माणूस डोळे उघडून खुलासे द्यायला लागतो. तो एवढंच म्हणतो, ‘जबडा आवळला ना?’ ती मान हलवते. ‘त्याच्याबरोबर थोडं थांबू. त्याला बोलता आलं असतं तर काय म्हणाला असता?’ उत्तर यायला वेळ लागतो. ‘म्हणाला असता, सैल सोडलंस तर सगळं कोसळेल.’ या वाक्यावर तिचं निम्मं आयुष्य चाललेलं असतं, आणि ते तिने आजवर उच्चारून ऐकलेलं नसतं. मन-शरीराची अखंडता हे तत्त्व तात्त्विक चर्चेसाठी नाही, ते इथे कामाला येतं: ज्या समजुती तोंडाने सांगता येत नाहीत त्या बसण्यात, श्वासात, आवळलेल्या स्नायूंत सापडतात, म्हणून तिथून शोधायच्या.

त्या समजुतीच्या मुळाशी एखादं पोरवय येतं, जिथे तिला खरोखरच एकटीने सगळं पेलावं लागलं होतं. मग तेव्हा न मिळालेलं काहीतरी, कुणीतरी सोबत असणं किंवा भार वाटून घेणं, आत्ता थोड्या प्रमाणात अनुभवायला देणं हा पुढचा टप्पा. विपश्यनेच्या आराखड्यात या टप्प्याला जागा नाही, आणि ती नाही म्हणून ती पद्धत अपुरी ठरत नाही. तिचं उद्दिष्टच निराळं आहे.

स्थिर बसण्याबद्दलही दोन्हीकडची रीत उलटी. शिबिरात विपश्यना शिकवल्यावर सामूहिक साधनेचे तास अधिष्ठानाचे होतात: तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. पाचव्या दिवशी गुडघा पेटलेला असतो, पाय पसरावासा वाटतो, आणि नेमकं तेव्हाच न हलता बघायचं असतं. पाय पसरावासा वाटणं ही सवय आहे आणि तिचं ऐकायचं नाही, हेच तर शिकायचं. हाकोमीत पाय पसरावासा वाटला तर थेरपिस्ट म्हणेल, ‘पसरा, पण सावकाश, आणि पसरताना काय होतंय ते बघा.’ आतून उलगडण्यावरचा विश्वास म्हणजे हेच. जिवंत गोष्टीला बरं होण्याची दिशा आतून माहीत असते, थेरपिस्टने ती ठरवायची नाही, पाठीमागून जायचं. एकीकडे आतून आलेल्या ओढीचं न ऐकण्याचा सराव, दुसरीकडे तिच्यामागे जाण्याचा. दोन्ही एकाच बैठकीत करू पाहणाऱ्याच्या हाती काहीच धड लागत नाही.

अहिंसेबाबत तर गोंधळ आणखी. शिबिरात पंचशील घ्यावं लागतं आणि त्यातलं पहिलं जीवहत्या न करण्याचं. हाकोमीतली अहिंसा मुंगी मारण्या-न मारण्याबद्दल नाही. तिला एक इतिहास आहे. मनोविश्लेषक विल्हेल्म राइख यांनी १९३०च्या दशकात मांडलं की माणसाचे बचाव त्याच्या स्नायूंत चिलखतासारखे बसतात. पुढे त्यांचे शिष्य अलेक्झांडर लोवेन यांच्या बायोएनर्जेटिक्स या शरीराधारित थेरपीमध्ये हे चिलखत सैल करायला ताण देणाऱ्या मुद्रा आल्या, गादीवर लाथा मारणं आलं, ओरडणं आलं. कर्ट्झ या परंपरेच्या जवळून आले, आणि त्यांना दिसलं की बचावावर जोर लावला की बचाव घट्ट होतो. रुसलेल्या पोराला दंडाला धरून पंगतीत बसवण्यासारखं ते आहे, बसेल पण जेवणार नाही.

म्हणून त्यांनी उलटं केलं. कुणाचे खांदे कायम वर चढलेले असतील तर ‘सैल सोडा’ म्हणायचं नाही. परवानगी घेऊन थेरपिस्ट त्या खांद्यांखाली हात देतो आणि ते वर धरण्याचं काम स्वतःकडे घेतो. शरीराला आता ते करत बसावं लागत नाही. बहुतेकदा काही क्षणांत खांदे आपणहून खाली येऊ लागतात, आणि ज्यासाठी ते चढले होते ती भीती किंवा ते रडू दिसायला लागतं. बचाव तोडायचा नाही, त्याला मदत करायची. पाच तत्त्वांतलं एकच निवडा म्हटलं तर मी हे निवडेन, बाकीची चार शब्दांत सुंदर आहेत पण परीक्षा याच्यावर होते.

आता एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: नियम कुणावर? विपश्यनेत शील साधकाने पाळायचं. मौन त्याचं, पंचशील त्याचं, अधिष्ठान त्याचं. हाकोमीची पाच तत्त्वं मुख्यतः थेरपिस्टला बांधतात. समोरच्याने अहिंसक असावं अशी अट नाही. घाई करायची नाही, स्वतःचा अजेंडा लादायचा नाही, प्रेमाने हजर राहायचं, हे ओझं थेरपिस्टचं. म्हणूनच हाकोमीत नातं हे औषधाचाच भाग आहे. शिबिरात सूचना गोएंकांच्या ध्वनिमुद्रित आवाजात येतात, सहाय्यक आचार्यांशी प्रश्नापुरतं थोडं बोलता येतं, स्पर्श तर अजिबात नाही. तिथे एकटं असणं रचनेतच आहे.

एकत्वाबद्दल थोडक्यात. हाकोमीत माणूस आतल्या अनेक भागांचा, आणि कुटुंबाच्या, समाजाच्या जाळ्यातला. त्या भागांचं एकमेकांशी पटावं, एवढी अपेक्षा. विपश्यना त्यापुढचा प्रश्न विचारते: हा ‘मी’ म्हणतोस तो मुळात सापडतो का? थेरपीच्या खोलीत हा प्रश्न उलट त्रास देऊ शकतो. ज्याला अजून ‘मला राग आला’ म्हणायची हिंमत नाही, त्याने ‘राग आहे, पण माझा नाही’ म्हटलं तर ती मुक्ती नसते, पळवाट असते. जुन्या साधकांच्या बाबतीत थेरपिस्टला याचं भान ठेवावं लागतं. ‘बघतोय, जातंय’ म्हणत ते इतके सराईतपणे शांत असतात की काहीच हलत नाही.

गोएंकांच्याच आयुष्यातला एक प्रसंग इथे बोलका आहे. त्यांना तीव्र मायग्रेन होता आणि त्याच्या इलाजासाठी ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले. गुरूंनी आधी नकार दिला. एखादा आजार बरा करण्यासाठी धम्म शिकवला जात नाही, त्यामुळे त्याचं मोल कमी होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मायग्रेन पुढे गेला, पण तो उपउत्पादन म्हणून. हाकोमीत नेमकं याच्या उलट. ‘झोप लागत नाही’, ‘नवऱ्याशी बोलताना घसा दाटतो’, अशी तक्रार घेऊनच माणूस येतो आणि ते योग्यच आहे.

व्यवहाराचं सांगायचं तर विपश्यना केंद्रं स्वतःच बजावतात की हा मानसोपचारांना पर्याय नाही आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये. फॉर्ममध्ये औषधांबद्दल, पूर्वीच्या आजाराबद्दल विचारतात तेव्हा खरं लिहायचं. ‘लिहिलं तर घेणार नाहीत’ म्हणून लपवणारे भेटतात. दहा दिवसांचं मौन आणि रोज दहा तासांची बैठक ही जखम ताजी असलेल्या मनाला झेपेलच असं नाही. आणि तिथे जुनं काही उफाळून आलं तर ‘संवेदना बघा’ हेच उत्तर मिळणार, कारण त्या पद्धतीकडे तेच आहे. त्याला निष्ठुरपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

हाकोमीच्या बाजूनेही फुगवून सांगू नये. सीबीटीमागे (विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी प्रचलित थेरपी) नियंत्रित चाचण्यांचं जेवढं पाठबळ आहे तेवढं हिच्यामागे नाही. शिवाय आपल्याकडे ‘थेरपिस्ट’ ही पाटी कुणीही लावू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्यास रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी विचारावी. नसल्यास मूळ शिक्षण काय, हाकोमीचं प्रशिक्षण कुठे आणि किती, सुपरव्हिजन म्हणजे कामावर अनुभवी थेरपिस्टची देखरेख कुणाची, हे विचारायला लाजू नये. स्पर्शाबद्दल पहिल्याच भेटीत बोलून घ्यावं. नको म्हणायचा हक्क तुमचा आहे, आणि तुम्ही नको म्हटल्यावर थेरपिस्टने समजूत काढायला सुरुवात केली, तर तिथून उठून दुसरा थेरपिस्ट शोधावा.