दाराबाहेरची पाटी आणि सोप्यातला निरोप

कोल्हापुरातील एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणारा एक सर्व्हर आहे आणि त्याची देखभाल माझ्याकडे आहे. विद्यार्थी त्यावर प्रयोगशाळेतून लॉगिन करतात, तसेच कागल, इचलकरंजी किंवा राजारामपुरीतल्या आपापल्या घरून एसएसएचनेही, म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडून देणाऱ्या सोयीनेही करतात. लॉगिन करताना पडद्यावर उमटणाऱ्या ओळी कोठून येतात, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला, तेव्हा मला जाणवले की या ओळी सगळ्यांना दिसतात, पण फारसे कोणी वाचत नाही. आणि बहुतेक ठिकाणी त्या कोणी विचारपूर्वक लिहिलेल्याही नसतात.

लिनक्स ज्या युनिक्स कुळातली आहे, त्या कुळातील प्रणाली वापरकर्त्याला दोन वेगळ्या क्षणी मजकूर दाखवते. पहिला क्षण पासवर्ड देण्यापूर्वीचा. समोर कोण आहे हे तेव्हा संगणकाला ठाऊक नसते, म्हणून तो मजकूर वाड्याच्या दाराबाहेर लावलेल्या पाटीसारखा, येणाऱ्याजाणाऱ्या कोणालाही वाचता येणारा असतो. दुसरा क्षण ओळख पटल्यानंतरचा, म्हणजे माणूस सोप्यात येऊन टेकल्यावर त्याला घरातला निरोप सांगावा तसा. कोणता मजकूर पाटीवर आणि कोणता सोप्यात, एवढे नीट ठरले की बाकीची मांडणी त्यावरून सुचत जाते.

दाराबाहेरची पाटी म्हणजे ‘ईटीसी’ या निर्देशिकेतील (फोल्डरमधील) ‘इश्यू’ नावाची साधी मजकूर-फाइल. संगणकाला थेट जोडलेल्या पडद्यावर लॉगिनचे नाव विचारण्याचे काम ‘गेटी’ हा लहानसा प्रोग्रॅम करतो आणि त्याआधी तो ही फाइल छापतो. तिच्यात उलट्या तिरक्या रेघेनंतर ‘एन’ लिहिले तर त्या जागी यंत्राचे नाव येते, ‘एल’ लिहिले तर टर्मिनलचा क्रमांक आणि ‘आर’ लिहिले तर कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, आवृत्ती. ही शेवटची सोय मी वापरत नाही, कारण कोणत्या आवृत्तीत कोणती त्रुटी आहे हे जाहीर असते आणि आपली आवृत्ती अनोळखी माणसाला आपणहून सांगण्याचे काहीच कारण नाही.

एसएसएचने येणाऱ्याला मात्र ही फाइल आपोआप दिसत नाही. त्यासाठी एसएसएच सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘बॅनर’ या शब्दापुढे मजकूर-फाइलचा पत्ता द्यावा लागतो, कारण मुळात ही सोय बंद असते. तेथे ‘इश्यू’चाच पत्ता दिला तर यंत्राच्या नावाऐवजी ती तिरकी रेघ आणि ‘एन’ जसेच्या तसे दिसतात. ती चिन्हे उलगडण्याचे काम गेटीचे आहे, एसएसएचचे नाही. म्हणून बॅनरसाठी वेगळी फाइल ठेवावी. बदल केल्यावर सेवा पुन्हा सुरू करण्यापूर्वी ‘एसएसएचडी’ ही आज्ञा ‘टी’ या पर्यायासह चालवून फाइलमधील चुका तपासाव्यात आणि नवे लॉगिन जमते आहे याची खात्री होईपर्यंत आधीचे सत्र उघडे ठेवावे. दूरच्या सर्व्हरचे दार आतून बंद झाले, तर ते उघडायला प्रत्यक्ष त्या यंत्रापाशी जावे लागते.

या पाटीवर काय लिहावे? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यातील कलम ४३ मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय संगणकात प्रवेश करण्याबद्दल बोलते आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले, तर कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे ‘हा संगणक केवळ परवानगी असलेल्यांसाठी आहे आणि येथील वापराची नोंद ठेवली जाते’ एवढे स्पष्ट वाक्य पुरेसे असते. ‘सुस्वागतम्’ हा शब्द मात्र ज्याला आपण ओळखतो त्याच्यासाठी राखून ठेवावा.

सोप्यातला निरोप ‘एमओटीडी’ या फाइलमध्ये असतो. ही अक्षरे ‘आजचा निरोप’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आहेत. ही कल्पना युनिक्सपेक्षाही जुनी आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयबीएम ७०९४ या यंत्रावर सीटीएसएस ही प्रणाली चालत असे आणि लॉगिन करणाऱ्याला तेथेही दिवसाचा निरोप दिसे. त्या प्रणालीचा संपादक प्रोग्रॅम प्रत्येक वेळी एकाच ठरलेल्या नावाची तात्पुरती फाइल तयार करी, कारण एका निर्देशिकेत एका वेळी एकच माणूस काम करील असे गृहीत धरलेले होते. एके दिवशी एक व्यवस्थापक दिवसाचा निरोप लिहीत असताना दुसरा पासवर्डांची फाइल दुरुस्त करत होता. तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली आणि पुढे लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर सगळ्यांच्या पासवर्डांची यादी छापली जाऊ लागली. या प्रणालीचे जनक फर्नांडो कोर्बाटो यांनी १९९० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हा प्रसंग स्वतः सांगितला. निरोपाची फाइल क्षुल्लक मानू नये, हे मी विद्यार्थ्यांना याच प्रसंगाने समजावतो.

उबंटूसारख्या लिनक्स प्रणालीत निरोप ताजा तयार होतो. ‘अपडेट-एमओटीडी.डी’ या निर्देशिकेतील लहान स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञा लिहिलेल्या फाइली, फाइलनावाच्या क्रमाने चालतात आणि त्यांचे उत्तर जोडून पडद्यावर येते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ठरलेली असते, पण ‘आज पाणी किती फुटांवर?’ याचे उत्तर रोज नव्याने द्यावे लागते. साधी फाइल आणि स्क्रिप्ट यांत तोच फरक आहे. मात्र विचारणाऱ्या प्रत्येकासाठी कोणी बंधाऱ्यावर धावत जात नाही. तसेच जी माहिती मिळवायला वेळ लागतो, ती ठरावीक वेळाने एखाद्या फाइलमध्ये लिहून ठेवावी आणि स्क्रिप्टने फक्त ती वाचून दाखवावी, अन्यथा नेटवर्क मंदावले की प्रत्येकाचे लॉगिन तिष्ठत राहते. शिवाय या स्क्रिप्ट रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, वापरकर्त्याच्या अधिकाराने चालतात, म्हणून त्यांत लिहिण्याची परवानगी रूटशिवाय कोणालाही असू नये.

माझी पहिली स्क्रिप्ट दोन दिवस काही केल्या चालेना. परवानग्या बरोबर होत्या आणि हाताने चालवली की उत्तरही येई. अखेर कारण सापडले ते नावात: मी सवयीने शेवटी टिंब आणि ‘एसएच’ लावले होते आणि असे टिंब असलेली फाइल येथे मुकाट्याने वगळली जाते. टिंबासह ती अक्षरे काढताच निरोप उमटला.

ज्याला हा निरोप नको असेल, त्याने आपल्या होम निर्देशिकेत ‘हशलॉगिन’ नावाची, आरंभी टिंब असलेली रिकामी फाइल ठेवावी. मी मात्र तसे करू नये असे सांगतो, कारण तिच्यामुळे ‘मागचे लॉगिन कधी आणि कोठून झाले’ ही ओळसुद्धा नाहीशी होते. आपण झोपेत होतो त्या वेळी आपल्या नावाने कोणी आत आले होते का, हे सामान्य वापरकर्त्याला कळण्याचा तोच सर्वांत सोपा मार्ग आहे.

आता मराठीचा प्रश्न, जो मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. लिनक्सच्या थेट पडद्यावरील फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरे घडवण्याची किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नेऊन ठेवण्याची सोय तेथे नाही, त्यामुळे ‘इश्यू’ फाइलमध्ये देवनागरी लिहून उपयोग होत नाही. एसएसएचच्या बॅनरमध्ये मात्र ती चालते. ओपनएसएसएच या एसएसएचच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या क्लायंटमध्ये, म्हणजे वापरकर्त्याच्या बाजूच्या प्रोग्रॅममध्ये, अशा अक्षरांच्या जागी आकड्यांचे संकेत दिसत. २०१६ मध्ये आलेल्या ७.३ या आवृत्तीपासून युनिकोड मजकूर नीट उमटतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते आणि टर्मिनल अक्षरे ठरावीक रुंदीच्या चौकटींत बसवत असल्याने जोडाक्षरांची रुंदी मोजताना ते अनेकदा चुकते. म्हणून चौकटी, रकाने आणि नक्षी टाळून मराठी निरोप साध्या ओळींत लिहावा.

आमच्या सर्व्हरवर सध्या प्रश्न विचारणाऱ्या त्याच विद्यार्थिनीने लिहिलेला मजकूर आहे: ‘रविवारी सकाळी ८ ते दुपारी १२ सर्व्हर बंद राहील. चालू असलेले काम शनिवारी रात्रीपर्यंत जतन करावे.’ सोमवारी सकाळी तो काढून टाकण्याचे कामही तिनेच घेतले आहे.