माळ्यावरची फुलदाणी, गच्चीवरची दगडी कुंडी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून जे सामान खाली येतं, त्यातलं निम्मं पुन्हा माळ्यावरच जातं. लग्नात आहेर म्हणून आलेली पीओपीची उंच फुलदाणी, झाकण हरवलेली लोणच्याची बरणी, पंप जळालेला शोभेचा धबधबा, झुंबराची एकटी उरलेली काचेची वाटी, टेबल लॅम्पचं जाडजूड बूड. भंगारवाला भाव देत नाही आणि टाकायला मन होत नाही. अशा वस्तूंच्या आम्ही कुंड्या करतो आणि त्यांना रंगाने दगडाचं रूप देतो. काम कसं होतं, कशाचं होत नाही आणि घरी नेल्यावर काय सांभाळायचं, ते इथे लिहिलं आहे. कुणाला हे वाचून घरीच करून बघायचं असेल तर खुशाल करावं.

आधी आतली बाजू

दुकानात आलेला माणूस पहिल्यांदा रंगाचे नमुने मागतो. आम्ही पहिल्यांदा वस्तू उलटी करून बूड बघतो. कुंडीचा रंग बाहेरच्या उन्हापावसाने जातो असा समज आहे. मातीच्या आणि सिमेंटच्या वस्तूंचा रंग बहुतेक वेळा आतून ढकलला जातो. ओल्या मातीतलं पाणी भांड्याच्या भिंतीत मुरतं, बाहेर पडायला वाट शोधतं आणि जाताना क्षार सोबत नेतं. रंगाच्या मागे ते क्षार साठले की रंग फुगतो आणि पोपडे सुटतात. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी घालत असाल तर हे आणखी लवकर होतं.

म्हणून माती, सिमेंट आणि पीओपीच्या वस्तूला बाहेर ब्रश लावण्याआधी आतून वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारतो. पीओपी तर पाण्यात मऊ पडत जातं. त्यामुळे पीओपीच्या वस्तूत आम्ही थेट माती भरूच देत नाही. आत बसेल अशी साधी प्लास्टिकची कुंडी ठेवायची, पाणी घालताना ती बाहेर काढायची आणि निथळल्यावर परत ठेवायची. हे जरा कटकटीचं वाटतं. पण पीओपीची वस्तू टिकवायची तर दुसरा उपाय नाही.

नंतर भोक. भोक नसलेल्या भांड्यात झाड उन्हाने मरत नाही, मुळं कुजून मरतं. सहा इंचाच्या भांड्याला दहा-बारा मिलिमीटरचं एक भोक पुरतं, मोठ्याला तीन तरी हवीत. चिनी मातीला आणि काचेला डायमंडचा बिट लागतो. ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, बिटवर सारखं पाणी सोडायचं, दाब द्यायचा नाही. टफन्ड (तापवून कडक केलेली) काच आणली तर आम्ही ड्रिल लावत नाही, कारण अशा काचेला भोक पाडता येत नाही की ती कापता येत नाही, तिचा क्षणात चुरा होतो.

तळाशी खडीचा थर घालायची सवय सोडा, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो आणि निम्मे लोक ऐकत नाहीत. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. ते खडीच्या वर मातीतच थांबतं, म्हणजे चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एखादं खापर किंवा जाळीचा तुकडा ठेवला, माती वाहून गेली नाही, एवढं बस.

कशावर रंग धरतो

चिनी माती, फायबर, लाकूड आणि लोखंड यांवर काम चांगलं होतं. बरणीत वर्षानुवर्षं लोणचं राहिलेलं असतं आणि तेल काठाला मुरलेलं असतं. ते गरम पाण्याने आणि धुण्याच्या सोड्याने निघेपर्यंत प्रायमर लावण्यात अर्थ नाही. गुळगुळीत भाग १८० ते २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून त्याची चकाकी मारावी लागते. लोखंडाचा गंज तारेच्या ब्रशने काढून आधी गंजरोधक प्रायमर. थर्माकोलवर थिनरवाला कोणताही रंग नको, थर्माकोल विरघळतं. तिथे पाण्यातलाच रंग.

प्लास्टिक उलटं करून पाहा. त्रिकोणात २ किंवा ५ हा आकडा असेल तर साधा रंग त्यावर नीट चिकटत नाही, नखाने सोलून निघतो. त्यासाठी वेगळा चिकट प्रायमर आधी लागतो. शिवाय लवचिक प्लास्टिकवर भिंतीची पुट्टी कधीही लावू नका, उचलताना भांडं दबलं की पुट्टी तडकते.

जुन्या रंगाबद्दल थोडं गंभीर. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ठरली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेल्या वस्तूत, खास करून गडद पिवळ्या, लाल, हिरव्या रंगात, शिसं असू शकतं. अशी वस्तू कोरडी घासून धूळ उडवायची नाही. ओल्या पॉलिश पेपरने घासायची, घरात लहान मूल असेल तर तेही नाही, आमच्याकडे आणा. आणि तिच्यात कोथिंबीर, पुदिना, मिरची काहीही खाण्याचं लावू नका.

काही वस्तू आम्ही घेत नाही. देवाच्या मूर्ती आणि देव्हाऱ्यातलं सामान, मग ते कितीही भंगलेलं असो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यातून कापलेले तुकडे, कारण त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. पितळी घंगाळ आणि तांब्याचे हंडे आम्ही रंगवत नाही. पितळेवर दगडाचा रंग चढवणं आम्हाला पटत नाही, आणि त्यांना मोडीतही चांगला भाव येतो. पाटा, जातं, उखळ घेऊन येणारेही असतात. ती दगडाचीच आहेत! उखळाला बुडात भोक पाडून देतो, रंगाचे पैसे वाचतात.

कोणता दगड

नमुन्याच्या पुस्तकात इटालियन मार्बल असतं आणि मागणीही त्यालाच जास्त. बाहेर ठेवायच्या कुंडीला आम्ही ते सुचवत नाही. पांढऱ्यावर पहिल्याच पावसात शिंतोडे उडतात आणि मग ते रंगवलेलं आहे हे लगेच कळतं. शिवाय आपल्या डोळ्यांना जो दगड ओळखीचा आहे त्याचीच नक्कल घरात शोभते.

काळा पाषाण. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटाजवळ उभं राहून नीट पाहा, तो काळा नाहीच. करडा आहे, जिथे पाणी ओघळतं तिथे गडद, आणि अधूनमधून तांबूस. बेसॉल्टमधलं लोह हवेने गंजतं, त्याचा तो तांबूसपणा. अंगावर बारीक छिद्रं असतात, काहींत पांढरे खडे बसलेले. आमची पद्धत अशी : प्रायमरवर बाहेरच्या वापराच्या टेक्स्चर पेस्टमध्ये चाळलेली वाळू मिसळून एक हात, तो ओला असतानाच जुन्या ताठ ब्रशने टोचे मारायचे. वाळल्यावर कोळशी करडा रंग. मग फिकट करड्यात बुडवून जवळजवळ कोरडा केलेला स्पंज, दर वेळी मनगट फिरवून, म्हणजे एकच ठसा पुन्हा उमटत नाही. नंतर तपकिरी रंगात तिप्पट पाणी घालून तो खोलगट जागी सोडायचा आणि वरचा भाग लगेच फडक्याने टिपून घ्यायचा. शेवटी चार-दोन पांढरे ठिपके. चार-दोनच. हौसेने ठिपके वाढले की पाषाणाचा मोझॅक होतो.

शहाबादी फरशी सोलापूरकराला वेगळी सांगायला नको, ओट्यापासून न्हाणीपर्यंत तीच. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा हा चुनखडक, थरांचा, म्हणून सपाट निघतो. इथे टेक्स्चर नको आणि ठिपकेही नकोत. पुट्टी गुळगुळीत घासून निळसर करडा रंग आणि त्यावर आडव्या, अगदी पुसट रेघा. कडांना मात्र छन्नीने तोडल्यासारखा ओबडधोबडपणा ठेवतो, नाहीतर नुसता करडा डबा दिसतो. चौकोनी वस्तूंना, लॅम्पच्या बुडांना, लाकडी पेट्यांना हेच रूप शोभतं. गोल बरणीवर शहाबादी कितीही मन लावून केली तरी खोटी वाटते. तिला पाषाण द्यावा, नाहीतर टूथब्रशने तीन रंगांचे शिंतोडे उडवून ग्रॅनाइट. धोलपुरी पिवळसर वालुकाश्म हवा असेल तर तोही करतो, वाळूचं प्रमाण थोडं वाढवून.

रूप कोणतंही असो, वरचा सीलर, म्हणजे रंग सांभाळणारा शेवटचा हात, मॅटच. लोक चमक मागतात. ऊन-पावसात पडलेला दगड चमकत नाही, आणि ग्लॉस मारला की खालची सगळी मेहनत पॉलिशखाली जाते.

जुन्या टॉवेलची कुंडी

हा प्रकार आमच्याकडे सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि खरं सांगायचं तर आमचाही आवडता आहे. सोलापुरी चादरीसारखंच आपल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. तो झिजला की पायपुसणं आणि मग गाडी पुसायला. त्याआधी त्याची कुंडी होऊ शकते. टेरीच्या कापडावर सुताचे जे फासे असतात ते सिमेंट धरून ठेवतात. साध्या सपाट कापडावर ते इतकं बसत नाही.

टॉवेल धुऊन, पिळून ओलसर ठेवा. सिमेंट आणि पाणी डोशाच्या पिठाइतकं दाट कालवा. हातमोजे घालूनच, सिमेंट कातडी भाजतं. टॉवेल त्यात पूर्ण बुडवून, आतपर्यंत शिरलं याची खात्री करून, उलट्या बादलीवर टाका. बादलीवर आधी प्लास्टिकची पिशवी चढवलेली हवी, नाहीतर बादली गेली. आता घड्या पाडा, कडा वाटेल तशा सोडा. मधोमध भोकासाठी तेल लावलेला पाइपचा तुकडा रोवा. एक-दोन दिवसांनी बादली काढून आतून-बाहेरून ब्रशने सिमेंटचा आणखी एक हात मारा. सूत कुठेही उघडं राहता कामा नये, उघडं टोक पाणी ओढत राहतं.

यानंतर बहुतेकांची घाई होते. सिमेंटला नुसतं वाळवायचं नसतं, पाणी पाजायचं असतं. सावलीत ठेवून वर ओलं गोणपाट, निदान सात दिवस. मे महिन्यात गच्चीवर उन्हात ठेवलं तर ते दुपारपर्यंत कडक वाटेल आणि दुसऱ्या दिवशी भुगा सुटेल. मग काही दिवस पाणी भरून ठेवून रोज बदला, म्हणजे सुटा चुना निघून जाईल. तो राहिला तर माती अल्कली होते आणि पानं पिवळी पडतात. रंग त्यानंतर. घड्यांवर मुळातच सावल्या पडतात, त्यामुळे तपकिरी पाण्याचा एक हात आणि सीलर, इतकंच काम उरतं.

चादरीची करायची असेल तर पाव तुकडा घ्या. अख्खी चादर सिमेंट पिऊन उचलण्यापलीकडे जड होते.

ऊन, वजन, झाड

कुंडी कुठे ठेवणार ते ऑर्डर देतानाच सांगा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि काळी कुंडी त्याहून तापते. पश्चिमेच्या गच्चीवर पाषाणाचा गडद रंग घेऊन त्यात नाजूक झाड लावलंत तर मुळं शिजतील. तिथे फिकट शहाबादी किंवा धोलपुरी घ्या, किंवा आत दुसरी कुंडी ठेवून मध्ये हवेची फट सोडा. गडद पाषाण व्हरांड्याला, जिन्याला आणि पूर्वेच्या गॅलरीला.

ओल्या मातीचं वजन लिटरमागे दीड किलो धरून चाला. वीस लिटरची कुंडी म्हणजे तीस किलो, शिवाय भांडं. गॅलरीच्या कठड्यावर ठेवायचा विचारही करू नका.

शेतातली काळी माती आणू नका. ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात आणि पाणी कडेने निसटून जातं. लाल माती, गांडूळ खत आणि कोकोपीट यांचं मिश्रण भरा. नळाला रोज पाणी येत नाही हे लक्षात ठेवूनच झाड निवडलेलं बरं : अडेनियम, कोरफड, जेड, स्नेक प्लांट, ऑफिस टाइम. सदाफुलीही तग धरते. तुळस लावायची असेल तर आतून वॉटरप्रूफ केलेली, जुना रंग नसलेली कुंडी सांगून घ्या.

घरी नेल्यावर

रंग हाताला सुका लागतो तेव्हा आतून पक्का झालेला नसतो. पहिले दोन-तीन आठवडे नखाने उकरू नका, घासू नका. कुंडीखाली फरशीचे तीन लहान तुकडे ठेवून ती जमिनीपासून उचललेली ठेवा, म्हणजे भोक मोकळं राहील. ताटलीत पाणी साठलं तर आठवड्यातून एकदा तरी ओता, डेंग्यूचा डास त्यातच अंडी घालतो.

काठाला पांढरे क्षार दिसले तर ओल्या फडक्याने पुसा. रंगवलेल्या कुंडीवर फडक्याला थोडं व्हिनेगर चालेल. टॉवेलच्या सिमेंट कुंडीवर नको, आणि ते खाली शहाबादीवरही ठिबकू देऊ नका, दोन्हींना आम्ल खातं. दोन पावसाळे झाले की कुंडी रिकामी करून आणा, सीलरचा हात मारून देऊ. पश्चिमेच्या उन्हातली असेल तर त्याआधीच.

वस्तू आणताना आतलं सामान काढून, धुऊन, कोरडी करून आणा. खूप मोठी असेल तर आधी मोबाइलवर फोटो दाखवा, त्यात बुडाचा एक फोटो हवाच. कामाचा दर वस्तू पाहून सांगतो. तडा आरपार गेलेला असेल तर सांधून देता येतं, पण तिच्यात थेट माती भरण्याची हमी आम्ही देत नाही. पावसाळ्यात रंगाचे हात वाळायला वेळ लागतो, तेव्हा गणपतीच्या आधी कुंडी हवी असेल तर जूनमध्येच घेऊन या.