योनीमार्गातून हवा बाहेर पडणे : आमच्या स्त्री ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सर्वांगासनातून खाली येताना किंवा सेतुबंधासनानंतर पाठ जमिनीला टेकवताना योनीमार्गातून आवाज करत हवा बाहेर पडते आणि त्या संकोचापायी एखादी स्त्री दुसऱ्या दिवसापासून वर्गाला येणेच सोडून देते, हे आम्ही आमच्या फिजिओथेरपी व योग केंद्रात वारंवार पाहिले आहे. कारण विचारले तर वेळ जमत नाही असे सांगितले जाते आणि खरी गोष्ट फार उशिरा, तीही खालच्या आवाजात कळते. ज्या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे आहे, त्यासाठी कुणीही व्यायाम सोडू नये असे आम्हाला मनापासून वाटते.

योनीमार्गाच्या पुढच्या आणि मागच्या भिंती एरवी एकमेकींना टेकलेल्या असतात. कंबर डोक्यापेक्षा उंच गेली की ओटीपोटातील अवयव छातीच्या दिशेने सरकतात, त्या भिंती किंचित विलग होतात आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. शरीर पूर्वस्थितीत आले की तीच हवा दाबली जाऊन बाहेर पडते. शरीरसंबंधाच्या वेळी, तसेच मेन्स्ट्रुअल कप घालता-काढताना हेच घडते. ही हवा आतड्यात तयार झालेली नसल्यामुळे तिला वास नसतो. तिचा अपचनाशी काहीही संबंध नाही आणि गुदद्वाराला असते तशी आवळून धरणारी स्नायूंची कडी योनीमुखाला नसल्याने हा आवाज रोखणे सहसा जमतही नाही. मूल न झालेल्या तरुण मुलींनाही हा अनुभव येतो, त्यामुळे त्यावरून कुणाच्या चारित्र्याविषयी तर्क करणे सर्वस्वी चुकीचे आहे.

बाळंतपणानंतर मात्र याचे प्रमाण वाढू शकते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून झोळीसारखा आधार देणारे स्नायू, ज्यांना पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात, ते प्रसूतीत ताणले जातात. आपल्याकडे बाळंतिणीच्या अंगात वारा शिरू नये म्हणून पोटपट्टा घट्ट बांधण्याची रीत आहे; त्याने कमरेला आधार वाटत असला, तरी या स्नायूंना बळ येत नाही. बळ येते ते व्यायामाने. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये मांडलेला व्यायाम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो आणि योगाभ्यास करणाऱ्यांना त्यात मूलबंधाशी साम्य जाणवेल. लघवी आणि वायू एकाच वेळी रोखून धरत आहोत अशा रीतीने स्नायू आत व वर ओढून घ्यावेत, काही सेकंद धरावेत आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावेत; असे किमान 8 वेळा, दिवसातून तीनदा आणि निदान तीन महिने करावे. श्वास कोंडू नये, पोट व मांड्या आवळू नयेत आणि लघवी करत असताना धार थांबवून हा सराव करू नये. सैल सोडणे हा या व्यायामाचा अर्धा भाग आहे आणि नेमका तोच बहुतेक जणींकडून राहून जातो.

बाहेर पडणाऱ्या हवेला विष्ठेचा वास येत असेल किंवा योनीमार्गातून मळ येत असेल, तर व्यायामाची वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. गुदाशय आणि योनीमार्ग यांच्यामध्ये छिद्र, म्हणजे फिस्टुला, तयार झाल्याची ती खूण असू शकते. अडलेली प्रसूती, प्रसूतीत गुदद्वारापर्यंत गेलेली चीर, क्रोन्स आजार (आतड्यांना दीर्घकाळ सूज येण्याचा विकार) किंवा ओटीपोटावरील किरणोपचार ही त्यामागची कारणे असतात आणि त्यावर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. अंग बाहेर येणे, खोकताना किंवा शिंकताना लघवी निसटणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, या तक्रारीही सहन करत बसण्याच्या नाहीत. गरोदरपणात योनीमार्गात तोंडाने हवा फुंकली जाणे जिवावर बेतू शकते, हे पतिपत्नी दोघांनाही माहीत असले पाहिजे.

योनीमार्ग घट्ट करण्याच्या नावाखाली तुरटीचे पाणी, मलमे किंवा सुगंधी द्रावणे आत वापरू नयेत. तेथील नैसर्गिक आम्लता उपयुक्त जिवाणू टिकवते आणि आतून धुतल्याने तीच बिघडते. लेसर उपचारांच्या जाहिराती पाहून आमच्याकडे विचारणा होते. अशा उपकरणांच्या सौंदर्यविषयक वापराबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये भाजणे, व्रण आणि वेदना यांचा इशारा दिला होता, म्हणून आम्ही त्यांची शिफारस करत नाही.

तपासणीला येताना प्रसूतीची व शस्त्रक्रियेची कागदपत्रे सोबत आणावीत. तपासणी स्त्री फिजिओथेरपिस्टच करतात आणि आतून तपासण्याची गरज भासल्यास आधी समजावून सांगून आपली संमती घेतली जाते. नको असल्यास तसे सांगावे, बाहेरूनही बरेच काही शिकवता येते. वर्गात ज्यांना अवघड वाटते, त्यांनी उलटी आसने काही आठवडे बाजूला ठेवावीत आणि शिक्षिकेला केवळ "आज उलटे आसन नको" एवढेच सांगावे. त्यांना कारण विचारले जाणार नाही.