८३ एक्स आणि ५५ मिलिमीटर

पुतणी रविवारी सकाळी घरी आली ती कॅमेरा जवळजवळ ठरवूनच. "काका, मी ८३ एक्सचा बघून आलोय. रंकाळ्याच्या ह्या काठावरनं पलीकडच्या काठावरचा बगळा दिसतोय त्यात." (कोल्हापुरात मुलीही 'आलोय'च म्हणतात, बाहेरच्या वाचकांनी दचकू नये.) असल्या, एकाच न निघणाऱ्या भिंगानं खूप लांबचं ओढणाऱ्या कॅमेऱ्याला सुपरझूम म्हणतात. तिच्या मैत्रिणीचं म्हणणं, सुपरझूम हे खेळणं आहे, घ्यायचा तर मिररलेस घे, म्हणजे भिंग बदलता येणारा. दुकानदाराचं मत तिसरंच, आणि ते त्याच्याकडं शिल्लक राहिलेल्या मालाशी तंतोतंत जुळणारं.

मी तिला विचारलं, ८३ एक्स म्हणजे काय गं? "त्र्याऐंशी पट मोठं दिसतं." बहुतेकांना असंच वाटतं. पण एक्स हा नुसता भागाकार आहे. ती म्हणत होती तो निकॉनचा पी९५०. त्याच्या भिंगाच्या कडेवर ४.३–३५७ असे आकडे छापलेले असतात. ही त्या भिंगाची सगळ्यात छोटी आणि सगळ्यात मोठी फोकल लेंथ (ती जितकी मोठी, तितकं लांबचं जवळ दिसतं), मिलिमीटरमध्ये. ३५७ ला ४.३ नं भागा, ८३ येतात. एवढंच. पक्ष्यांचे फोटो काढणारी मुरलेली मंडळी काही लाखांचं ६०० मिलिमीटरचं स्थिर, म्हणजे झूम न होणारं भिंग वापरतात, ते या हिशेबानं १ एक्सचं. दुकानात नुसतं एक्स विचारत बसलं, तर ते भिंग सगळ्यात टुकार ठरेल.

मग खोक्यावर '२००० मिलिमीटर' कसं लिहितात? ती करामत सेन्सरची, म्हणजे भिंगामागं प्रतिमा टिपणाऱ्या पट्टीची. पी९५० मधला सेन्सर ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा. बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो, साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, क्षेत्रफळ डाळीच्या तेरापट. भिंगानं उमटवलेल्या प्रतिमेचा मधला इवलासा तुकडाच डाळीच्या वाट्याला येतो, म्हणून दृश्य अरुंद होतं आणि बगळा चौकट भरून टाकतो. जुन्या फिल्मच्या ३६ बाय २४ च्या चौकटीत तेवढंच अरुंद दृश्य बसवायला २००० मिलिमीटरचं भिंग लागलं असतं. भिंग मात्र आहे ३५७ चंच.

इथं "म्हणजे फसवणूकच की" म्हणून लोक थांबतात. मला वाटतं खरी गोष्ट इथून पुढं सुरू होते.

भिंगाच्या कडेवर आणखी एक आकड्यांची जोडी असते, तिच्याकडं कुणी बघत नाही: १:२.८–६.५. हा अ‍ॅपर्चरचा आकडा, आणि हाही भागाकारच. फोकल लेंथला त्यानं भागलं की भिंगाचा प्रकाश आत घेणारा 'डोळा' किती रुंद आहे ते कळतं. पूर्ण झूमवर ३५७ भागिले ६.५, म्हणजे ५५ मिलिमीटर. कॅमेरा निवडताना माझ्या मते हाच आकडा आधी काढावा.

का, ते पावसात बघा. भुरभूर चालू असताना अंगणात एक वाटी आणि एक परात मिनिटभर ठेवली. वाटीत एकदा नऊ थेंब पडतील, पुढच्या मिनिटाला तेरा. पाऊस तोच, पण वाटीला विचारलं तर ती दर वेळी वेगळंच सांगेल. परातीत हजारभर पडतील आणि तिचं उत्तर फारसं हलणार नाही. प्रकाशही असाच थेंबाथेंबानं येतो. त्या थेंबांना फोटॉन म्हणतात. सरासरी १०० फोटॉन येत असतील तर त्यांत १० चा, म्हणजे १० टक्क्यांचा चढउतार असतो. १०,००० येत असतील तर चढउतार १०० चा, म्हणजे अवघा १ टक्का. संध्याकाळच्या फोटोत जो रवाळपणा दिसतो, त्यातला मोठा वाटा या चढउताराचा असतो. आणि लांबच्या बगळ्याकडून किती फोटॉन गोळा झाले हे डोळ्याच्या रुंदीवर ठरतं, एक्सवर नाही.

आता मैत्रिणीचा मिररलेस घेऊ. पक्ष्यांसाठी त्यावर बहुतेक जण सुरुवातीला ५५–२१० सारखं हलकं, परवडणारं भिंग लावतात, त्याचा अ‍ॅपर्चर लांबच्या टोकाला ६.३. भागा: ३३ मिलिमीटर. म्हणजे त्याच बगळ्याकडून हे 'खेळणं' जवळजवळ पावणेतीनपट प्रकाश गोळा करतंय! चंद्रावर फरक आणखी उघडा पडतो. पी९५० च्या डाळीवर चंद्राची प्रतिमा सव्वातीन मिलिमीटरची पडते, म्हणजे जवळपास २४०० पिक्सेल रुंद. २१० मिलिमीटरच्या भिंगामागं २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर असला तरी चंद्राच्या वाट्याला येतात जेमतेम ५०० पिक्सेल.

अर्थात २४०० पिक्सेल म्हणजे २४०० पिक्सेलइतका तपशील नव्हे. प्रकाश थेंबाथेंबानं येतो, तशी ती लाटही आहे. गोल छिद्रातून जाताना ती पसरते आणि बिंदूची छोटी चकती होते. ६.५ अ‍ॅपर्चरला ती चकती सुमारे ८.७ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि पी९५० चा एक पिक्सेल १.३ मायक्रॉनचा. एकेक बिंदू सहा-सात पिक्सेलांवर पसरणार. ५५ मिलिमीटरच्या डोळ्याला चंद्रावरचे पावणेपाच किलोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसूच शकत नाहीत, मग मागं कितीही मेगापिक्सेल लावा. त्याच हिशेबानं वीस किलोमीटरवरच्या पन्हाळ्यावर पाव मीटरचा तपशील मिळायला हवा. मिळत नाही. मध्ये हवा आहे. तापलेल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा प्रकाशाला वाकडंतिकडं वळवते, आणि हंगामात गुऱ्हाळांचा धूर त्यात भर घालतो. दुपारी बारा वाजता गच्चीवरून पन्हाळ्याचा बुरूज ओढून बघणाऱ्याला उकळत्या पाण्यातला बुरूज दिसतो. तो दोष कॅमेऱ्याचा नाही. पावसाची सर येऊन गेल्यावर किंवा भल्या सकाळी बघा.

डाळीची खरी अडचण वेगळीच. रंकाळ्यावर वारकरी नावाचा पाणपक्षी दिसतो: सगळं अंग काळं कुळकुळीत आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा. छोटा पिक्सेल छोट्या वाटीसारखा प्रकाशानं लवकर भरून वाहायला लागतो. मिररलेसचा पिक्सेल क्षेत्रफळानं आठपट मोठा, त्यात जास्त मावतं. म्हणून सुपरझूमच्या फोटोत टिळा चुन्यासारखा सपाट होतो, नाहीतर टिळा सांभाळताना पिसं डांबरासारखी. हळदी-कुंकू बदकाला हा त्रास कमी.

आता उलटी बाजू. तोच पी९५० घेऊन त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर जा. हजारो पणत्या, धुकं, पायऱ्यांवर बसलेली माणसं. इथं झूम नको, समोर दिसतंय तेवढंच टिपायचं. त्यासाठी भिंग ९ मिलिमीटरवर येतं आणि डोळा आक्रसून अडीच-पावणेतीन मिलिमीटरचा होतो. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा डोळाही तीन-चार मिलिमीटरचा असतो, म्हणजे किलोभराचं यंत्र इथं खिशातल्या फोनशी हरतं. मिररलेसवर ३५ मिलिमीटरचं, १.८ अ‍ॅपर्चरचं छोटं भिंग लावा: १९ मिलिमीटर. प्रकाश पन्नासएक पट! तालमीतल्या अंधुक उजेडात, लग्नाच्या मांडवात, घरातल्या बारशात हीच गोष्ट. मिररलेसची खरी जहागीर लांब नाही, जवळच्या अंधारात आहे.

'मिररलेस' या नावात त्याचं काही श्रेय नाही. सुपरझूमलाही आरसा नसतोच. भिंग बदलता येणाऱ्या जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांमध्ये भिंग आणि सेन्सरच्या मध्ये तिरका आरसा असायचा. २००८ मध्ये पॅनासोनिकनं जी१ आणला, त्यात आरसा काढून भिंग बदलण्याची सोय तेवढी ठेवली, म्हणून हे नाव पडलं. फायदा जागेचा झाला: निकॉनच्या जुन्या पद्धतीत भिंगाच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिलिमीटर लागायचे, नव्या झेड पद्धतीत १६ पुरतात.

फोकसबद्दल मात्र बोलायला हवं, कारण शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलला फोटो चुकतो तो तिथं. बरेच सुपरझूम फोकस शोधतात ते तंबोरा लावल्यासारखं: खुंटी थोडी पुढं पिळ, थोडी मागं, कुठं स्पष्ट दिसतं बघ. तोवर गोल होऊन पेठेतली पोरं नाचायला लागलेली असतात. आजच्या बहुतेक मिररलेसच्या सेन्सरवरच काही पिक्सेल असे असतात की भिंगाच्या डाव्या आणि उजव्या बाजूनं आलेल्या प्रतिमा जुळतात का ते बघून किती आणि कुठल्या दिशेला सरकायचं हे त्यांना थेट कळतं.

भिंग बदलण्याच्या सोयीची किंमत मी स्वतः मोजली आहे. चैत्र यात्रेत जोतिबावर गुलालाची उधळण चालू असताना मी शहाणपणानं भिंग बदललं. पुढं चार महिने माझ्या प्रत्येक फोटोतल्या आकाशावर देवाची कृपा दिसत होती. सुपरझूम उघडत नाही, पण त्याची नळी आत-बाहेर होताना हवा ओढते, आणि आत गेलेली धूळ घरी काढता येत नाही. यात्रेत दोघांनाही प्लॅस्टिकची पिशवी. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात दोघांच्याही भिंगाला बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या बंद डब्यात ठेवा, कपाटात चामड्याच्या पिशवीत नको.

मधला रस्ताही आहे. सोनीचा २०१७ मध्ये आलेला आरएक्स१० मार्क ४: भिंग ८.८–२२०, अ‍ॅपर्चर २.४–४. गंमत बघा, २२० भागिले ४, पुन्हा ५५! डोळा पी९५० एवढाच, पण सेन्सर १३.२ बाय ८.८ चा, डाळीच्या चौपट, आणि फोकसही चपळ. पैसे त्या मानानं बरेच जास्त. खिशात मावणारे ४० एक्सचे छोटे सुपरझूम मात्र तपासून घ्या. कॅननच्या एसएक्स७४० चे आकडे ४.३–१७२ आणि ३.३–६.९, म्हणजे डोळा २५ मिलिमीटरचा. प्रवासाला बरा, पक्ष्यांना अपुरा.

माझा सल्ला सरळ होता. सकाळच्या उन्हात कळंब्याला आणि रंकाळ्याला पक्षीच बघायचे असतील तर बिनधास्त मोठा सुपरझूम घे, मैत्रिणीला काय म्हणायचं ते म्हणू दे. राधानगरीच्या दाट रानातलं शेकरू किंवा संध्याकाळचा गवा डोक्यात असेल तर मिररलेस घे आणि २००–६०० सारख्या भिंगासाठी पैसे साठव. त्याचा डोळा ९५ मिलिमीटरचा आणि वजन दोन किलोंवर.

संध्याकाळी दुकानातून फोन आला. मागं दुकानदाराचा आवाज, "अहो ताई, एक्स खोक्यावर लिहिल्यात, भिंगावर काय शोधालाय?"

"काका, खिशातल्याला पंचवीसच यायला लागलंय. मोठ्याला पंचावन्न आलं, तोच घेतलो. आणि त्रिपुरी पौर्णिमेला तुमचा मिररलेस लागणार हाय, चार्ज करून ठेवा."