नाक मोकळं होत नाही, मोकळं वाटतं

पेपरमिंट तेल हुंगलं की चोंदलेलं नाक सुटतं, यावर बहुतेकांचा विश्वास असतो. पण नाकातून जाणाऱ्या हवेला किती अडथळा होतो हे यंत्राने मोजलं, तर मेंथॉल, म्हणजे या तेलातला मुख्य गार घटक, हुंगण्याआधी आणि नंतर तो जवळपास तेवढाच भरतो. अस्तराची सूज जिथल्या तिथे असते, शेंबूडही. तरी माणसाला सुटल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं खरं असतं.

नाकाच्या अस्तरात ट्रायजेमिनल, म्हणजे चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या, चेतातंतूंची टोकं पसरलेली असतात. त्यांच्या पटलात टीआरपीएम-८ नावाचं प्रथिन आहे. तापमान साधारण २६ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की त्यातली वाट उघडते, सोडियम आणि कॅल्शियमचे आयन आत शिरतात आणि मेंदूकडे ‘गार’ असा निरोप जातो. एरवी श्वासाच्या हवेने अस्तर गार पडतं, आणि त्या गारव्यावरूनच मेंदू हवा किती येतेय ते ठरवतो. मेंथॉल या प्रथिनाला चिकटून वाट उघडण्याचं तापमान वर सरकवतो. म्हणजे अस्तर तेवढं थंड न होताही तोच निरोप निघतो. हे प्रथिन २००२ मध्ये ओळखलं गेलं. डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांना तापमान व स्पर्शाच्या ग्राहींवरील कामासाठी २०२१ चं नोबेल मिळालं, त्या कामात हेही येतं.

ताणाच्या डोकेदुखीत १० टक्के पेपरमिंट तेलाचं अल्कोहोलमधलं द्रावण कपाळाला आणि कानशिलांना लावल्यास आराम पडतो, असं चाचण्यांत दिसलं आहे. मात्र डोळ्यांपासून लांब ठेवा. पोटातल्या मुरड्यासाठी याच तेलाच्या आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूल असतात. त्या चावल्या तर तेल जठरातच सुटतं, अन्ननलिकेची खालची झडप सैल पडते आणि छातीत जळजळतं. घरच्या बाटलीतलं तेल पाण्यात टाकून पिणं हा त्याला पर्याय नव्हे.

असं कुठलंही सुगंधी तेल अंगाला लावायचं तर ३० मिली बदाम किंवा तिळाच्या तेलात ६ थेंब, म्हणजे सुमारे १ टक्का. आंघोळीच्या पाण्यात थेंब विरघळत नाहीत, तरंगतात आणि तसेच कातडीला चिकटून आग करतात. बर्गमॉटसारखी दाबून काढलेली काही लिंबूवर्गीय तेलं लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते. टी-ट्री तेल हवा-उजेडाने जुनं झालं की ॲलर्जीची शक्यता वाढते. गडद बाटली, घट्ट झाकण, थंड जागा. लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव बघा. ‘थेरप्युटिक ग्रेड’ हा शिक्का कंपन्या स्वतःच मारतात, त्यामागे कुठलंही अधिकृत प्रमाणन नसतं.

दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकाशी मेंथॉल किंवा कापूर नेऊ नका, प्रतिक्षिप्त क्रियेने त्याचा श्वास अडकू शकतो. निलगिरीचं तेल मुलाने थोडं जरी गिळलं तरी गुंगी येते, झटकेही येऊ शकतात. अशा वेळी उलटी करवू नका, कारण तेल फुप्फुसात उतरतं. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.