दगड भाजण्याची पार्श्वभूमी : आच मंद असावी की नाही?

पुणे परिसरात घरी दगडी पाती घडवू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा कॅल्सेडोनी, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा सिलिकायुक्त दगड, पडते. शिरूर तालुक्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतील पातीही प्रामुख्याने याच दगडाची होती. घडवण्याआधी तो भट्टीत सावकाशच तापवावा, हा हौशी मंडळींचा दंडक मात्र अलीकडचा आणि परदेशी आहे.

चर्ट हा याच कुळातला दगड भाजल्यास दाबाने छिलके (पातळ कपच्या) काढणे सोपे जाते, हे अमेरिकेत १९६४ मध्ये प्रयोगांच्या आधारे मांडले गेले. गुजरातेतील खंबायतच्या अकीक (रंगीत कॅल्सेडोनी) कारागिरांना त्यात नवल वाटले नसते. मडक्यात ठेवलेले खडे गोवऱ्यांच्या धुमसत्या आचेत भाजायचे आणि मग लोखंडी टोकावर टेकवून शिंगाच्या हातोडीने घडवायचे, हे त्यांचे पिढीजात काम आहे.

खरा वाद २००९ नंतर पेटला. दक्षिण आफ्रिकेतील पिनॅकल पॉइंट येथे सुमारे ७२,००० वर्षांपूर्वी, कदाचित १,६४,००० वर्षांपूर्वीही, सिलक्रीट (सिलिकाने सांधलेल्या वाळूचा दगड) भाजला जात होता, असे संशोधकांनी जाहीर केले. वाळूत पुरलेला दगड हळूहळू तापवण्यासाठी सरपण, वेळ आणि नियोजन लागते, म्हणून ही प्रगत बुद्धीची खूण, असा त्यांचा युक्तिवाद होता. युरोपातील दुसऱ्या गटाने तो खोडला: सिलक्रीट उघड्या जाळात झटपट तापवला तरी बहुतेकदा टिकतो, आणि दक्षिण आफ्रिकेतीलच डीपक्लूफ येथील हत्यारांवरचा काळा डांबरी थर दगड थेट जळत्या लाकडांना भिडल्याचे सांगतो. पुरावा या दुसऱ्या बाजूला अधिक जड वाटतो. पहिल्या गटाने आपल्या प्रयोगातली पद्धत आदिमानवाच्या पदरात टाकली, असे म्हणावेसे वाटते.

तरीही त्यावरून घरची भट्टी भराभर तापवणे शहाणपणाचे नाही. साधारण २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान दगडात बांधलेले पाणी सुटते आणि सिलिकाचे नवे बंध जुळतात. त्यामुळे तो सुबक फुटतो, पण काहीसा ठिसूळही होतो. सिलक्रीटमधील वाफेला बाहेर पडायला वाट मिळते, तर घट्ट विणीच्या कॅल्सेडोनीत ती कोंडते आणि पृष्ठभागावरून बशीसारख्या टिकल्या उडतात. अख्ख्या गोट्याला हा धोका सर्वाधिक असतो, म्हणून आधी त्याचे पातळ तुकडे करून ते शंभर अंशांच्या आसपास नीट वाळवून घेतात आणि भट्टी पूर्ण निवल्यावरच उघडतात.